ह्याच्यात झांज नाय

जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायला टपलाय अशी माझ्या मामाची खात्री होती. भाजीवाला, गॅसवाला, टीव्हीवर बातम्या सांगणारा, सगळे चोर. अपवाद फक्त कंपनीचा. रोह्याच्या ज्या कारखान्यात तो मिसरूड फुटायच्या वयात लागला, तिथूनच निवृत्त झाला, आणि उभी नोकरी त्यानं कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये काढली. कंपनीविरुद्ध कोणी अवाक्षर काढलं की तो म्हणायचा, "कंपनीचं खाल्लंय मी." तिथं वाद संपायचा.

ती शेड मी एकदाच पाहिली, खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना पूजेसाठी आत सोडायचे. बहुतेक यंत्रं हार घालून बंद ठेवलेली, एकच चालू होतं. तरी मामी माझ्या कानाला तोंड लावून काय सांगत होती ते मला कळलं नाही. मामा मात्र हौसेनं एकेक यंत्र दाखवत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत होती. हा माणूस तिथं रोज पुरी शिफ्ट उभा राहायचा.

शिफ्ट संपली की पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात घरी, आणि जेवण झालं की भजनाला. भजनी मंडळात झांज मामाकडे. त्याच्या झांजेवर बुवा निर्धास्त गायचे. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बुवा त्याला "जरा हळू" म्हणायला लागले. मामा आणखी जोरात वाजवायचा. शेवटी एका गणपतीत बुवांनी झांज दुसऱ्याच्या हातात दिली. मामा स्वतःची झांज टॉवेलात गुंडाळून घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. "जळतात," एवढंच तो म्हणाला. पण त्या रात्री तो जेवला नाही, हे मामीनं मला सांगितलं.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्याला शाल, नारळ आणि एक ब्लूटूथ स्पीकर दिला. घरी येऊन त्यानं त्याच्यावर भजन लावलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यात झांज नाय." दोष अर्थात कंपनीचा नव्हता, कंपनीला माल पुरवणाऱ्यानं तिला गंडवलं होतं. मग त्यानं जाहीर केलं की फंडाच्या पैशातून चांगली सिस्टीम घ्यायची. मंडळ आपल्याला नको म्हणतंय, तर मंडळच घरात आणायचं.

पैसे नेमके कशावर घालायचे यावर घरात रोज भांडण. मामाचा मुलगा म्हणे सबवूफर मोठा पाहिजे, भिंती हादरल्या पाहिजेत. मामी म्हणे आधी पत्रे बदला, पाऊस लागला की तुमचं भजन ऐकायचं कुणी? मामाचं माप एकच, झांज. रोह्यातली दुकानं झाली, कोलाडचं झालं, स्पीकरच्या कुठल्याच पेटीत त्याला ती सापडेना. प्रत्येक दुकानातून बाहेर पडला की तो मला पेणला फोन करायचा, आणि इकडे माझं डोकं फिरायचं. म्हाताऱ्या माणसाला भिकार माल गळ्यात मारतात म्हणजे काय! मी त्याला म्हटलं, पेणला ये, माझ्यासमोर कोण फसवतो ते बघते.

पेणचा दुकानदार शांत गृहस्थ होता. आवाजाची खरी गंमत अँप्लिफायरमध्ये नसते, पैसे घालायचे तर स्पीकरवर घाला, असं त्यानं नीट समजावलं आणि भजन लावलं. मी भांडायच्या तयारीनंच उभी होते. आणि पहिल्याच ओळीला मला झांज ऐकू आली, अगदी स्वच्छ. मामा मान तिरकी करून, बोटानं मांडीवर ठेका धरून, तिची वाट बघत होता. "ह्याच्यात पण नाय गो," तो म्हणाला.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पार टोकाला नेलं. दुकानातल्या बाईनं कानावर हात ठेवले. मामाचा चेहरा उजळला. "आता आली. चोरांनी लपवून ठेवलेली."

रस्त्यावर आल्यावर मी सांगून टाकलं, की मामा, झांज पहिल्यापासून होती. पैसे पेटीवर नको, कानाच्या डॉक्टरवर घालूया. तो भडकला. कंपनीचा डॉक्टर दर वर्षी कान तपासायचा आणि ठीक म्हणून सही करायचा, मग ह्या कानांना काय धाड भरली? तपासायचा म्हणजे कसा, असं मी विचारलं. टेबलापलीकडून नाव विचारायचा, मामा नाव सांगायचा, झाली तपासणी. आणि कानात घालायची बुचं? ती इन्स्पेक्शनच्या दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी परत गोळा करायचे. मामा हे सगळं साध्या सुरात सांगत होता, जसं काही सगळीकडे असंच असतं. एका माणसाच्या कानातून त्याची झांज काढून घेतली आणि वर निरोपाला स्पीकर दिला. ह्याला काय म्हणायचं?

"तू पण त्यांच्यातलीच काय गो?" असं म्हणून मामा एसटीत बसला. नंतर बरेच दिवस फोन नाही.

मग एका सकाळी तो स्वतःच माझ्या दारात उभा. टॉवेलातली झांज त्यानं माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "हळू वाजव. बुवा म्हणायचा तशी."

मी वाजवायला लागले. तो तसाच उभा.

"वाजव ना गो."

"वाजवतेय, मामा."

तो वळला. माझे हात हलताना त्यानं पाहिले आणि मटकन खाली बसला. म्हणाला, "म्हणजे बुवा जळत नव्हता."

सिस्टीमचे पैसे कानाच्या मशीनला गेले. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. पण झांज आली, बारीक का होईना. मामा मंडळात परत गेला, मागच्या रांगेत बसून हळू वाजवायला लागला. त्याआधी मला बरोबर घेऊन तो कंपनीच्या गेटवर गेला आणि तो स्पीकर वॉचमनच्या टेबलावर ठेवला. असं काही परत घेता येत नाही म्हणून वॉचमन अजिजी करायला लागला.

"कंपनीचं खाल्लंय मी, ते खरं," मामा त्याला म्हणाला. "कंपनीनं माझं काय खाल्लं, ते पण सांग आत जाऊन." आणि तो चालू लागला.

मामा आता नाही. परवा मामीकडे जाताना माझी रिक्षा त्या गेटपाशी थांबली. वॉचमनच्या केबिनमध्ये तोच स्पीकर भजन गात होता. मी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला लावलं आणि कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं. नुसतं धबधब. माझे कान तर धड आहेत. त्या एका पेटीबद्दल मामा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. तिच्यात झांज नाहीच.