पन्हळीतला पाला

सोमवारी दुपारी भिंत पडली. भिंतीलगत बाबा झोपले होते. ते गेले.

इतकं सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचं मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

इतवारीतलं आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. दोन छपरं जिथे एकमेकांकडे उतरत, तिथे पत्र्याची पन्हळ होती आणि तिच्याखाली मधली भिंत. ती भिंत आदल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, स्वतः माती तुडवून घातली होती. मातीच्या भिंतीला शिंतोडे चालतात. माथ्यावर साचलेलं पाणी चालत नाही. ते आतल्या आत उतरतं — बाहेरून भिंत धडधाकट दिसते. पन्हळ असते ती एवढ्यासाठीच.

पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे — काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा रचायचे. फेरताना माती, फुटक्या कवेलूंचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, सगळं घरंगळत पन्हळीत येतं. म्हणून पन्हळ शेवटी साफ करायची. दादानं भर उन्हात दोन्ही छपरं फेरली. उतरला तो सावलीत आडवाच झाला.

"पन्हळ तेवढी तू पाहून घे गा. मले आता चढवत नाही."

मी कॉलेजात होतो, हातात पुस्तक होतं. संध्याकाळी त्यानं विचारलं, "झाली काय?"

"झाली," मी मान वर न करता म्हणालो.

"पुस्तक घेऊनच चढला असशीन, पंडित!" तो हसला. त्यानं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

एवढंच असतं तर आळस म्हणता आला असता. पण पाऊस लागला आणि बाबांच्या खाटेच्या वर, भिंतीच्या माथ्याशी, ओल दिसली. मी ती पाहिली. कशाची, तेही कळलं. सांगितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. निदान खाट सरकवायची? काहून सरकवतो, असं कुणी विचारलं असतं — मी सरकवली नाही. उघडीप झाली की गुपचूप चढू, असं ठरवलं. उघडीप झाली नाही.

भिंत मधोमध ढासळली. पन्हळ वाशांवर तशीच लटकत राहिली. लोक बाबांना मातीखालून काढत होते, आणि मी — मी शिडी लावून वर गेलो. बुजलेली पन्हळ कुणाला दिसण्याआधी ओंजळी भरभरून पाला मागच्या बोळात फेकला. खालून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "पाहा वं, बापावर भिंत पडली तरी पोरगं घर वाचवून राहिलं!"

मी ते ऐकलं. पाला काढत राहिलो.

नंतर लोकांनी पाहिली तेव्हा पन्हळ साफ निघाली, म्हणून दोष भिंतीचा ठरला. "माझीच माती कच्ची राहिली," दादा येईल त्याला सांगे. काटोलच्या मामानं गोठ्याची भिंत घालायला बोलावलं, तो गेला नाही. पुन्हा त्यानं मातीला हात लावला नाही.

त्याला सांगावं असं मला कितीदा वाटलं? खरं लिहायचं तर, पहिली काही वर्षं वाटलंच नाही. सुटल्यासारखं वाटत होतं. पुढे वाटू लागलं, तेव्हाही गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात दादा गेला. भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगते — ह्यांच्या हातची भिंत सासऱ्यांवर पडली, तो घोर ह्यांना शेवटपर्यंत होता.

मी तिथेच, सतरंजीवर बसलेला असतो.