आत्याचं सासरचं नाव

सिंगापूरला तुआसच्या एका गोदामात मालाच्या ने-आणीचं नियोजन करणं हे माझं काम. यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलाही जात नाही. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा मी पुढे तीन दिवसांची रजा जोडली आणि क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून चौदा कलमांची यादी केली. सगळी कलमं एकाच व्यक्तीबद्दल होती: बाबांची आत्या.

बाबा दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं ते या आत्याने. ती लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परत आली होती. बाबा नऊ वर्षांचे असताना ती मिशनच्या दवाखान्यातल्या एका इंग्रज नर्सबरोबर विलायतेला निघून गेली, आणि घरात तिचा विषय बंद झाला. तिच्या एका पत्राचं रिकामं पाकीट तेवढं बाबांनी जपून ठेवलं होतं. त्यावर इंग्लंडमधल्या एका लहानशा बाजाराच्या गावाचा शिक्का होता. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात. मी निघताना म्हणाले, "शेवटी तिच्याजवळ कोणी होतं का, तेवढं बघून ये. बाकी काही नको मला."

त्या गावी मी पोचले तो नेमका बाजाराचा दिवस होता. दगडी चौकाच्या मधोमध एक जुना क्रूस, त्याच्या पायऱ्या माणसं बसून बसून मधोमध खोलगट झालेल्या. याच चौकात, याच वारी, कित्येक शतकं बाजार भरतोय. सिंगापूरमध्ये आमच्या ब्लॉकखालचं दुकान दोन वर्षांत तीनदा बदललं. मी त्या खोलगट पायरीवर हात ठेवला आणि क्षणभर यादी उघडायचं विसरले.

गावचं दप्तर बाजाराच्या इमारतीतच, वरच्या मजल्यावर. ते सांभाळणारे निवृत्त शिक्षक फार अगत्याचे होते. चर्चची दफनाची वही, मतदारयाद्या, बाजारातल्या जागांच्या वह्या, सगळं त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवलं. आत्याचं नाव आणि माहेरचं आडनाव इंग्रजीत ज्या ज्या तऱ्हेने लिहिता येईल त्या सगळ्या तऱ्हा माझ्याकडे तयार होत्या. दोन तास ओळीन् ओळ पाहिली. काहीच नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात आपल्याकडे मुलीचं आडनावच काय, नावही बदलतात. ती पासपोर्ट काढायला गेली असेल तेव्हा तिचं कागदोपत्री नाव सासरचं असणार. आणि मी, एवढी व्यवस्थित बाई, चौदा कलमं चुकीच्या नावाने लिहून घेऊन आले होते.

घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले. मुलीने उचलला, तिच्या सिंगापुरी 'लाह'सकट.

"आई, आजोबा जेवत नाहीयेत लाह. मी किती वेळा सांगितलं. फोनसमोरच बसलेत."

"दे त्यांना." बाबा फोनवर आले.

"बाबा, आत्याचं सासरचं नाव काय होतं?"

त्यांनी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"ते नाव घरात कोणी घ्यायचं नाही, अगं. आमच्या अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, बंदच केलं होतं."

"तुम्हाला माहीत आहे का?"

"तांदूळ निवडायला बसली की ताटात बोटाने लिहायची. लग्नात अंगठीने लिहितात ना, तसं. मला वाचायला लावायची आणि पुसून टाकायची. त्यावरच तर मी अक्षरं शिकलो."

आणि त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

त्या नावाने वही उघडली आणि मी खुर्चीत सावरून बसले. बाजारातली जागा, काम शिवणाचं आणि रफूचं. पुढच्या वर्षी तीच जागा, तेच नाव. वह्यांमागून वह्या, एकवीस वर्षं. दर वर्षी कोणीतरी आमच्या घरचं ते पुसलेलं नाव शाईने, सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं.

शेवटच्या वहीत तिच्या नावावर बारीक रेघ होती आणि समासात एक टीप. शिक्षकांनी भिंग देऊन मला ती वाचायला लावली: मृत्यू, शेजारच्या विक्रेत्यांच्या विनंतीवरून जागा एक वर्ष कोणाला देऊ नये.

मी फोनवर ते मराठीत सांगितलं.

"वर्ष पाळलं त्यांनी," ते म्हणाले. "आम्ही सुतकसुद्धा पाळलं नाही, आणि त्या लोकांनी वर्ष पाळलं."

मी वही मिटून शिक्षकांना परत दिली.

"त्या जागेवर आता कोण बसतं, बघ बरं."

शिक्षकांनी खिडकीतून जागा दाखवली. मी खाली गेले. एक लालबुंद गालांची बाई अंडी विकत होती. फोन चालूच होता.

"अंडीवाली आहे, बाबा."

"घे मग तिच्याकडून."

मी डझनभर अंडी घेतली. हॉटेलच्या खोलीत शेगडी नव्हती, हे मला माहीत होतं.