बंदूककाका आणि दसऱ्याचा फोटो

बंदूककाका कधीच कोणाकडे बोट दाखवायचे नाहीत. अक्षरशः नाही! समोरच्या बिल्डिंगमधला माणूस दाखवायचा असेल तरी नुसती हनुवटी वर करायचे. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट हातात आला की त्याचं तोंड आधी जमिनीकडे, मग बसलेल्या सगळ्यांना चुकवून टीव्हीकडे, आणि बटण दाबलं की परत जमिनीकडे. कात्री द्यायची तर मुठीकडून. होळीला आम्हा मुलांच्या हातात पिचकाऱ्या दिसल्या की म्हणायचे, "त्याला विचारलंस काय, भिजायचं हाय काय?" आम्ही हसून हसून लोळायचो. पिचकारी मारायला कोण विचारतं!

"सवय अशीच लागते गो," ते म्हणायचे. "नळी माणसाकडं करायची नाय. भरलेली असो, रिकामी असो. रिकामीच हाय असं वाटतं ना, तेव्हाच घात होतो."

हे काका आमचे सख्खे कोणी नाहीत. बाबांच्या तालुक्यातले, बाजूच्याच गावचे. मस्कतला, वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये एसीचं काम करायचे, बावीस वर्षं. दर शुक्रवारी सकाळी अल् घुब्राला आमच्या फ्लॅटवर हजर. हातात पिशवी, पिशवीत काहीतरी असायचंच, खजूर नाहीतर पपई. गावी त्यांच्या घरी बंदूक आहे हे मला दुसरीत कळलं आणि मी ते त्याच दिवशी स्कूलबसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. तेव्हापासून ते बंदूककाका. आई घाबरून म्हणायची, "अगं जिन्यात तरी मोठ्याने हाक मारू नकोस, परक्या देशात राहतो आपण!" काका मात्र खूश. "मारू दे वहिनी. हाक मारणारं कोण तरी पायजे ना इथं."

ती बंदूक म्हणजे शेती संरक्षणाची. त्यांच्या वडिलांच्या नावावर परवाना होता, वडील गेल्यावर तो थोरल्या भावाच्या, म्हणजे आबांच्या नावावर झाला. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप उतरतो आणि एका रात्रीत सहा महिन्यांचं वाटोळं करतो. "मग डुक्कर मारता?" मी एकदा डोळे मोठे करून विचारलं होतं. "छ्या! हवेत बार काढायचा. डुक्कर पळतं, भात राहतं. आणि हवेत काढतानासुद्धा आधी पलीकडं बघायचं. डुकराच्या मागं कोणाचं तरी घर असतं."

'पलीकडं कोण हाय ते बघ' हे तर त्यांचं सगळ्यालाच लागू. वर्कशॉपमध्ये पोरं कपड्यांवरची धूळ उडवायला हवेचा पाइप एकमेकांवर धरतात, त्यावरून ते हिंदीत जोरात ओरडायचे म्हणे. त्यांचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, आतल्या डोंगरातल्या गावचा. त्याच्या घरी भिंतीवर आजोबांची जुनी रायफल टांगलेली. एकदा तो काकांना गावच्या लग्नाला घेऊन गेला. तिथे म्हातारे कमरेला खंजर आणि खांद्यावर बंदूक घेऊन गाणी म्हणत नाचत होते आणि पाहुणे कौतुकाने फोटो काढत होते. काका महिनाभर तेच सांगत होते. "काय इज्जत हाय बघ! आमचा आबा असा उभा राह्यला तर पेपरवाले काय लिहितील?"

पेपरवाल्यांवर त्यांचा राग जुना. मोबाइलवर गावाकडच्या बातम्या वाचायचे, चष्मा कपाळावर ढकलून. "हे बघ. कोयत्यानं मारलं तर मारणाऱ्याचं नाव येतं. गाडीखाली घेतलं तर ड्रायव्हरचं येतं. बंदुकीनं मारलं की बंदुकवाल्या सगळ्यांचंच येतं. ह्यो फोटो बघ, हा काय त्या माणसाच्या बंदुकीचा हाय? कुठली तरी सिनेमातली चिकटवलीन!"

मी वाद घालायचे. "पण काका, बंदूक ती बंदूक ना! लोकांना भीती वाटणारच."

"वाटू दे की. भीती वाटण्यासारखीच वस्तू हाय ती. म्हणून तर मी रिमोट पण खाली धरतो. पण भीती एक आणि आळ एक."

हे मी हसत ऐकलं. लक्षात ठेवायला हवं होतं.

आता माझी गोष्ट. पटापट सांगते, कारण हळू सांगितली तर सांगणारच नाही. कॉलेज झालं आणि मला मुंबईतल्या एका न्यूज पोर्टलचं काम मिळालं, मस्कतला घरी बसून! माझं मराठी अडखळतं म्हणून शाळेत सगळे चिडवायचे, आणि आता मी मराठीत बातम्या लिहिणार! मी वेड्यासारखी नाचले. शुक्रवारी काकांनी पेढे आणले. तासाला सात-आठ बातम्या टाकायच्या, ज्याची बोटं पळतात तोच टिकतो. माझी पळायची.

त्या वर्षी निवडणूक ऐन भाताच्या तोंडावर आली. निवडणूक लागली की गावोगावच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, मतदान होऊन निकाल लागला की परत मिळतात. आबांनी आपली नेऊन दिली. काकांनी जमा केल्याच्या पावतीचा फोटो मला दाखवला आणि वैतागून म्हणाले, "आता डुकरांची दिवाळी! मतदान करायला तीच येतील बघ." मी हसले होते. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत होतं!

तीन आठवड्यांनी, मी शिफ्टवर असताना दोन ओळींची बातमी आली. काकांच्या गावात काजूच्या बागेची राखण करणारा माणूस गोळी लागून गेला. मारणारा पळाला होता. गावाचं नाव वाचून माझ्या अंगावर काटा आला आणि खरं सांगते, त्याच्यात थोडा आनंदही होता. मला ते गाव माहीत होतं! डेस्कवरच्या बाकीच्यांना नकाशात शोधावं लागत होतं! मी लगेच एडिटरला लिहिलं, 'सर, माझ्याकडे तिथली आतली माहिती आहे. तिथे घरात बंदूक असते. फोटोपण आहे.'

फोटो आदल्या वर्षीच्या दसऱ्याचा. काकांनी मला पाठवलेला. पडवीत पाट मांडलेला, पाटावर कोयता, नांगराचा फाळ आणि झेंडूची माळ घातलेली बंदूक. मागे आबा, नवीन निळा शर्ट घालून, कपाळाला गंध, जरा लाजल्यासारखे.

एडिटरचं उत्तर आलं, 'जबरदस्त. दहा मिनिटांत.' मी सात मिनिटांत दिली. 'बंदुकीची पूजा करणारं गाव!' असं हेडिंग, त्याखाली घरोघरी शस्त्रं सर्रास कशी आहेत वगैरे. घरोघरी? गावात परवाने तीन! तिन्ही बंदुका ठाण्यात. आबांचा चेहरा मी ब्लर केला आणि मला वाटलं, मी किती जबाबदार. पडवीचे खांब, तो निळा शर्ट, दारातला तुळशीचा कट्टा, हे कोण ब्लर करणार? गावातलं शेंबडं पोरही ओळखेल.

संध्याकाळपर्यंत ती आमच्या पोर्टलवर त्या दिवशी सगळ्यात जास्त वाचलेली बातमी होती. सीबपासून वादी कबीरपर्यंतच्या मराठी ग्रुप्सवर फिरत होती. बाबांनाच चार ठिकाणांहून आली. बाबा जेवता जेवता म्हणाले, "अगं, हे तर आबांचं घर!" मी पाणी आणायला उठले आणि किचनमध्येच उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी मारणारा सापडला. दुसऱ्या तालुक्यातला, चोरून शिकारीला आलेला, हातात विनापरवाना गावठी बंदूक. ती बातमी आमच्याकडे चार ओळींत लागली, फोटोशिवाय. ती कोणी फॉरवर्ड केली नाही.

शुक्रवारी काका आले. पिशवीत चिकू. आईने चहा दिला, बाबा मुद्दाम क्रिकेटचं बोलत राहिले. काकांनी रिमोट उचलला, खाली धरला, टीव्ही बंद केला.

"तो फोटो मी तुलाच पाठवला होता ना गो?"

"हो."

"दुसऱ्या कोणाला नव्हता पाठवला."

"माहितीये काका."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चिकूची पिशवी उगाच सारखी करत म्हणाले, "मला फोन का नाय केलास? मी वीस मिनिटांवर होतो."

"शिफ्ट चालू होती. लगेच द्यायची होती."

"बातमी काय डुक्कर हाय, पळून जायला?"

कोणीच हसलं नाही. मग त्यांनी सांगितलं. जो गेला तो आबांचा रोजचा बसणारा-उठणारा. दोघं एका ताटात जेवलेले. त्याचा मुलगा मोबाइल हातात धरून आबांच्या अंगणात आला आणि चारचौघांत विचारलं, "तुमची बंदूक कुठं होती त्या दिवशी?" आबांनी खिशातून पावती काढून दाखवली. मुलाने पावती वाचली, मग परत फोटो बघितला. "मारणारा सापडल्यावर तो येऊन पाया पडला," काका म्हणाले, "पण आबा त्याच्यानंतर अंगणात बसत नाय."

मी रडायला लागले. काकांनी डोक्यावर हात ठेवला. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. त्यांना खोटं बोलता यायचं नाही.

मी एडिटरला फोन केला, भांडले, फोटो काढायला लावला. पण तोवर स्क्रीनशॉट सगळीकडे गेले होते. मी म्हटलं, खरी गोष्ट मी लिहिते. परवाना, पावती, डुकरं, दसरा, सगळी! एडिटर म्हणाले, "त्यात आता न्यूज काय आहे?" महिनाभराने मी ते काम सोडलं. त्याने आबांना काय फरक पडला? काहीच नाही.

निकाल लागला तरी आबा बंदूक आणायला गेले नाहीत. "ठाण्याच्या पायरीवर लोक बघतात" म्हणाले. परवाना परत करायचा अर्ज दिला. आणि काकांचं ठरलं. खरं तर त्यांना अजून तीन वर्षं काढायची होती, मुलीचं इंजिनीअरिंग पूर्ण होईपर्यंत. पण आबा सत्तरीचे, एकटे राखणीला जायला आता घाबरतात. "मी गेलो म्हणजे दोन माणसं झाली," काका म्हणाले. "आधी बंदूक एकटी पुरायची."

पावसाच्या आधी, मे महिन्यात ते गेले. कायमचे. एअरपोर्टवर आम्ही तिघं गेलो होतो. त्यांची ट्रॉली बघून बाबांना राहवलं नाही. "हे काय रे?" वादी कबीरच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्यांनी डुकरं हाकायला ट्रकचे चार भोंगे घेतले होते. खोक्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यांनी ते भोंगे आत उलटे ठेवले होते, तोंडं खाली, ट्रॉलीसमोरून जाणाऱ्या कोणाकडेच होणार नाहीत असे. अर्बाब स्वतः सोडायला आला होता, त्याने त्यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मी पाया पडले. "सॉरी काका" हे मी सहा महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल, तेव्हाही म्हटलं.

"अभ्यास कर," ते म्हणाले. मी तेवीस वर्षांची आहे. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

सप्टेंबरमध्ये त्यांचा व्हॉइस नोट आला. आधी भोंग्याचा भयंकर आवाज, मग ते हसतायत. "पहिल्या दिवशी डुकरं अशी पळाली, अशी पळाली! आज चवथा दिवस. भोंग्याच्या खालीच चरतायत." मी तो व्हॉइस नोट दहा वेळा ऐकला. पहिल्यांदाच हसू आलं होतं.

मला आजही घरात बंदूक नको वाटते. कोणाच्याच घरात. पण काकांच्या इतका सांभाळून वागणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्या भावाला मी सात मिनिटांत खुनाच्या बातमीत नेऊन उभं केलं. पलीकडे कोण आहे ते मी बघितलं नाही असंही नाही. बघितलं होतं. निळा शर्ट घातलेला माणूस होता.

या दसऱ्याला सकाळीच फोटो आला. तीच पडवी. पाटावर कोयता, नांगराचा फाळ, आणि बंदुकीच्या जागी ट्रकचा भोंगा, झेंडूची माळ घातलेला, तोंड भिंतीकडे. मागे नुसती भिंत. आबा नाहीत. खाली काकांनी लिहिलंय, 'फोटो पाठवतोय. माणूस कोणी नाय यात.'

मी लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आबांना नमस्कार सांगा, असं लिहिलं आणि तेही खोडलं. तिकडे त्यांना 'टायपिंग' दिसत असणार, कितीतरी वेळ. शेवटी त्यांचाच मेसेज आला.

'जेवलीस काय?'