देवघरामागची फट

आमच्या माजिवड्याच्या घरातली लाकडी फरशी हिच्या ओल्या पायांमुळे फुगली, असं नातेवाईक अजून हसत सांगतात. ते खरं नाही.

डोंबिवलीची जागा विकून आम्ही मुलाकडे राहायला आलो, तेव्हा हिचे गुडघे धरलेले होते. थंड टाइल्सवर पाय टेकला की कळ यायची. म्हणून मुलाने आमच्या खोलीत इंजिनिअर्ड वुडची फरशी घालायचं ठरवलं. दुकानात सुनेला फिकट रंग आवडला होता. हिने चप्पल काढली, एकेका नमुन्यावर उभी राहिली आणि सागवानी रंगाची फरशी निवडली. "पायाला बरी वाटते," एवढंच म्हणाली.

कारागिराने भिंतींलगत बोटभर फट सोडली. पावसाळ्यात लाकूड पसरतं, त्याला जागा लागते, असं त्याने सांगितलं आणि फटीवर स्कर्टिंग मारलं. देवघर येणार होतं तिथली फट मात्र उघडीच राहिली. झुरळांच्या भीतीने डोंबिवलीत मी दिसेल ती फट व्हाइट सिमेंटने बुजवत आलेलो. कारागीर गेल्यावर ही फटही बुजवली आणि वर देवघर सरकवलं.

पावसाळ्यात देवघरासमोरच्या फरशीच्या पट्ट्या फुगून वर उचलल्या गेल्या. ही आंघोळ करून ओल्या पायांनीच पूजेला बसायची.

"आई, अगं सांगितलेलं ना, पाणी नको म्हणून," मुलगा म्हणाला.

"चुकलं रे माझं."

पाण्याने लाकूड काळं पडलं असतं. हे कोरडंच होतं, दोन्हीकडून दाबल्यासारखं वर आलेलं. मला कळलं, आणि मी चहा पीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी हिने देव स्वयंपाकघरातल्या फळीवर हलवले. ज्या टाइल्सपासून तिचे पाय वाचवायचे होते, त्यांवरच उभी राहून ती पूजा करू लागली. दिवाळीत एका सकाळी ती एका हाताने ओटा घट्ट धरून दुसऱ्या हाताने घंटा वाजवताना दिसली. त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"बाबा, आणि आम्ही आईंना पायपुसणी आणून देत होतो," सून म्हणाली.

ही बराच वेळ भात कालवत होती. मग म्हणाली, "झुरळं तरी थांबली का?"

मी स्क्रू ड्रायव्हरने सिमेंट खरवडून काढलं. पट्ट्या हळूहळू बऱ्याचशा खाली बसल्या. देवही परत आणले. ही पुन्हा खाली बसून पूजा करते, पण आधी पायपुसण्यावर पाय खसाखसा पुसते. "अगं, राहू दे," म्हटलं तर म्हणते, "असू दे. लागली सवय."

गेल्या महिन्यात डोंबिवलीला एका मुंजीत माझ्या बहिणीने ओल्या पायांची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. सगळे हसले, हीदेखील. हसता हसता तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ताटातली जिलबी मोडत बसलो. म्हणून आज हे लिहितो आहे. पहिली प्रत बहिणीला पाठवणार आहे.