रिकाम्या डोंग्याची सोबत

माणूस चालवतो त्या लढाऊ विमानाशेजारून बिनावैमानिकाचं विमान उडवायचं, हे आमच्या गटाचं काम. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. ऐकायला भारी, पण प्रत्यक्षात आमची दोन्ही विमानं खेळण्यातली वाटावीत एवढीच होती. पुढचं आमच्यातला एकजण जमिनीवरून रेडिओनं चालवायचा; दुसऱ्यानं आपलं आपण त्याच्यासोबत राहायचं. ते काही राहायचं नाही. पुढचं जरा डुललं की मागचं दुप्पट डुलायचं आणि शेवटी त्याच्यावर जाऊन आदळायचं. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर शेवटची चाचणी, नाही जमलं तर विषय बंद. मी तोंड पाडून आरमोरीजवळच्या आमच्या गावी आले.

बाबा तलावातले शिंगाडे काढत होते. ते एका डोंग्यात, म्हणजे लहानशा लाकडी होडीत, बसायचे आणि माल भरायला दुसरा रिकामा डोंगा सोबत न्यायचे. लहानपणी त्या दुसऱ्या डोंग्यात मी असायचे, आणि बाबा सारखी मान वळवून बघायचे, पोरगी आहे की पडली. मला त्याचा भारी राग यायचा.

या वेळी मी बाबांच्याच डोंग्यात बसले आणि दोन्ही डोंगे एकमेकांना मीच बांधले. इंजिनियर ना मी! आखूड दोर, घट्ट गाठ, डोंगा नेमका बाबांच्या मागे. बाबा वेलापाशी थांबले, मागचा डोंगा काही थांबला नाही. धाडकन आदळला आणि बाबा टोपलीसकट पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून काठावरच्या बाया खुशाल पोट धरून हसल्या.

"शिकून आली अन् बापालेच बुडवून राह्यली!" बाबाही हसत होते.

मग त्यांनी दोर सैल सोडला आणि डोंगा बाजूला घेतला. फारच जवळ आला तर बांबूनं लोटायचे, लांब गेला तर दोर ओढायचे. एरवी त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"मी हाललो का त्यानं लगेच हालावं, असं काऊन पायजे तुले? थोडं त्याचंही चालू दे."

मी डोंग्यातच टाळ्या पिटल्या. आमचाही दोर आखूडच होता की!

परत जाऊन प्रोग्राम बदलला. दुसरं विमान मागून काढून बाजूला नेलं आणि अंतर थोडं कमीजास्त झालं तर त्यानं गप्प बसायचं, असं ठरवून दिलं. चाचणीच्या सकाळी दोन्ही शेजारी-शेजारी उडाली, वळली आणि शाबूत उतरली. आमचे गंभीर साहेब मैदानात चक्क धावत सुटले.

पुढच्या दिवाळीला मी बाबांना त्या उड्डाणाचा फोटो दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"पुढच्याले मागं पाहा लागत नाई ना आता?"

"नाही."

"मंग बेस झालं."

मग आम्ही तलावावर गेलो. दुसऱ्या डोंग्यात मी बसले, दोर न बांधता, स्वतःचा बांबू घेऊन. बाबा बांबू रोवत पुढे निघाले, मी जरा बाजूनं. मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले. बाबांना ते कळलंच नाही, कारण पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.