‘काय नाय’ची खूण

“मॅडम, तुमचं सायटेशन किती?”

“शून्य.”

समितीतले तिघं हसले. पनवेलच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या कायम जागेची मुलाखत होती. तिथंच मी सहा वर्षं तासिकेवर शिकवत होते. माझे तीन पेपर छापलेले, पण त्यांचा दाखला कुणीच कुठं दिलेला नाही. म्हणजे शास्त्राच्या लेखी मी नाहीच.

मधल्या तज्ज्ञांनी माझी फाइल मिटली आणि एक पेपर माझ्याकडे सरकवला. “असं काम करा. तुमच्याच भागातलं आहे. जगभर दाखले देतात याचे.”

अंगाची लाही लाही झाली. तो पेपर मी ओळखत होते. वर माझ्या पीएच.डी.च्या सरांचं नाव, खाली आणखी दोघांची. माझं नाव अगदी शेवटी, आभारात. ‘स्थानिक बोलीसाठी मदत’ आणि पुढं नुसतं पहिलं नाव. आडनाव नाही, डिग्री नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घेतात तसं.

विमानतळासाठी आमचं गाव उठलं. खाडीकडची घरं गेली, उलव्याकडे प्लॉट मिळाले. तेव्हा मी सरांकडे पीएच.डी. करत होते. उठलेल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला, हे त्यांना तपासायचं होतं. सर म्हणाले, “तुला त्यांची भाषा येते ना? मग तूच जा.” त्यांची! मी त्यांच्यातलीच, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. तरी मी खूश. मूर्ख कुठली.

प्रश्नावली सरांनीच इंग्रजीतून मराठीत आणलेली. पहिलं घर आत्याचं, माझ्या बापाच्या थोरल्या बहिणीचं. मी वाचलं, “गेल्या दोन आठवड्यांत आपणांस विषण्ण वाटले का?”

“विषण्ण म्हंजे काय गो?”

“मन लागतं का, आत्या?”

तिनं पदर कपाळावर ओढला. मग म्हणाली, “काय नाय.”

झोप मोडते? काय नाय. रडू येतं? काय नाय. चाळीस प्रश्न, उत्तर एकच. आमच्यात ‘काय नाय’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. सांगण्यासारखं खूप असतं आणि सांगून उपयोग नसतो, तेव्हा माणूस ‘काय नाय’ म्हणतो. ही आत्या रोज उठली की जुन्या घरात दार होतं त्या बाजूला चालत जायची. तिथं आता भिंत. तिच्या कपाळावरचं टेंगूळ मी या डोळ्यांनी बघितलं.

मी सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

“तू फक्त खुणा कर. अर्थ आम्ही काढू.”

आणि मी केल्या. घरोघर, ‘नाही’च्या चौकटीत. मीच केल्या. त्यांनी अर्थ काढला, की या लोकांनी नव्या जागेशी उत्तम जुळवून घेतलं आहे.

पेपर छापून आला. नेटवर बघायचे तेव्हा दाखल्यांचा आकडा वाढलेला असायचा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं माझ्या आत्याला सुखी म्हणत होती. बोलणार कुणाशी? स्टाफरूममध्ये मी गाववाली, गावात मी कॉलेजची मॅडम. दोन्हीकडे खुर्ची मिळायची, पण शेजारी कुणी बसत नव्हतं. एकदा आईला सांगून बघितलं. ती म्हणाली, “तुजा नाव हाय ना त्यात? मग झाला. तोंड का पारलंस?”

मी म्हटलं, “काय नाय.”

माझ्याच तोंडून.

समितीसमोर तो पेपर हातात धरून बसले होते. तज्ज्ञांनी विचारलं, “वाचलाय का?”

“वाचलाय. चुकीचा आहे.”

हसणं थांबलं. “चुकलं कोण?”

“मी. खुणा माझ्या आहेत.” मग भिंतीचं, टेंगळाचं, सगळं बोलले.

“तुम्हाला नोकरी हवीये ना, मॅडम?”

“हवीये. पण असं काम करून नको.”

जागा मिळाली नाही. आठवड्यानं, मुलाखतीतलं कानावर गेल्यावर, सरांचा फोन आला. “पुढच्या पेपरात तुझं नाव घालतो. दुसऱ्या क्रमांकावर, आडनावासकट. विषय वाढवू नकोस.” ओठांवर ‘हो’ आलं होतं. इतकी वर्षं तेच तर हवं होतं.

“नको, सर.”

“अगं, तू एकटी काय अर्थ लावणार?”

फोन ठेवला. कुणाला तरी हे सांगावं म्हणून मोबाइलमधली नावं खालीवर केली. एकही सापडलं नाही.

रविवारी आत्याकडे गेले. प्रश्नावली नाही, कोरी वही. त्या भिंतीला टेकून दोघी बसलो. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “आपला दार इथंच होता गो. आता मना रस्ता गावत नाय.”

तसंच लिहिलं. ‘नाय’चं ‘नाही’ केलं नाही.

आता त्या सगळ्या घरांत पुन्हा जाणार आहे. तो पेपर खोटा आहे आणि त्यातल्या खुणा माझ्या हातच्या आहेत, हे आडनावासकट छापणार आहे. दाखला कुणी देवो न देवो. शून्य तर शून्य.

खुणा करून झाल्या, सर. अर्थ आमी काढू.