लगाम ओढला तो कशासाठी?

भास्करराव शिंगटे सरांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातली मी मुलगी. सांगलीतल्या त्यांच्या दैनिकाच्या कचेरीत उभी होते आणि घाबरल्यामुळे बोलण्यात सारखे ‘हाय’, ‘न्हाई’ येत होते. बाजूचे दोघे हसले. सर हसले नाहीत. “जनावरांतलं कळतं तुम्हाला?” एवढेच त्यांनी विचारले. कळतं म्हटल्यावर जनावरांचे बाजार आणि शर्यती यांच्या बातम्या माझ्याकडे आल्या. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सरांच्या अग्रलेखांवर जाणकार लिहितीलच. मला एका बातमीविषयी सांगायचे आहे. ती माझ्या मनात अजून पुरती उलगडलेली नाही.

पलूस भागातल्या एका गावच्या यात्रेत घोडागाड्यांची शर्यत होती. मारुती नावाच्या गाडीवानाची घोडी सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर त्याने लगाम मागे ओढला, हे मी स्वतः पाहिले. मागची गाडी पुढे निघून गेली. गर्दीत ओरडा झाला, “ठरवून हारला रं! शर्यत इकली!” सर त्या दिवशी साताऱ्याला गेले होते. मी मारुतीच्या नावानिशी लिहिले, की तो ठरवून हरला. बातमी तशीच छापून आली.

चार दिवसांत मारुतीच्या वकिलाची नोटीस आली. अब्रुनुकसानीची, सरांच्या आणि माझ्या नावे. सरांनी मला समोर बसवले.

“तुम्ही काय पाहिलंत?”

“लगाम ओढताना पाहिलं.”

“आणि ठरवून ओढला, हे?”

“सगळे म्हणत होते, सर.”

“मारुती काय म्हणाला?”

मी त्याला विचारलेच नव्हते.

सर रागावले नाहीत, त्याचेच मला जास्त वाईट वाटले. चूक बातमीदाराची, असे लिहून मोकळे व्हा, असे आमच्या वकिलांनी सुचवले. सर म्हणाले, “पेपरवर संपादक म्हणून माझं नाव छापतात. जबाब मीच देणार.” दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मारुतीच्या घरी गेले.

घोडी अंगणात बांधलेली होती, पुढच्या पायाला पट्टी होती. “आवं सायेब, ती लंगडाय लागली म्हणून वढला. न्हाईतर पाय मोडला आसता तिचा,” मारुती म्हणाला. त्याची बायको दारातूनच बोलली, “पेपरात आलंय म्हंजे खरंच आसंल, आसं गाव म्हणतंय. आमी कुणाकुणाला सांगत फिरायचं?” मी पट्टी सोडून पाय चाचपला. सूज होती. पण ती शर्यतीतली की नंतरची, ते जनावरांत वाढलेल्या मलाही सांगता येईना.

सरांनी मारुतीपुढे हात जोडले. बातमी आली होती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दिलगिरी छापली. नोटीस मागे घेतली गेली. मी मात्र धुमसत होते. “सर, त्यानं खरंच शर्यत विकली असली तर?”

“असेलही. आपण शोधू. सापडेपर्यंत लिहायचं नाही.”

आम्ही खरोखर शोधले. वळणावर उभ्या असलेल्या एकाने सांगितले, मारुतीने आधी मागे वळून पाहिले आणि मग लगाम ओढला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सूज शर्यतीतली असू शकते, नसूही शकते. शेवटी सरांनी माझ्याकडून एवढेच लिहून घेतले, की यात्रा कमिटी घोड्यांची तपासणी करत नाही, त्यामुळे लबाडी पकडता येत नाही आणि निर्दोष माणसाला स्वतःला सोडवताही येत नाही. पुढच्या यात्रेपासून तिथे डॉक्टर बसू लागले. मारुतीने मात्र पुन्हा गाडी जुंपली नाही. मन उडाले म्हणून की मन खात होते म्हणून, कोण जाणे. माझ्या बातमीने एका भल्या माणसाचा छंद मोडला, की दिलगिरीने एक लबाड सुटला? दोन्ही बाजूंनी विचार करते आणि अडकते.

गेल्या महिन्यात मी सरांना विचारलेच, “तुम्हाला काय वाटतं, सर? मारुतीनं फसवलं होतं का?”

त्यांनी चष्मा काढला. “मला माहीत नाही,” म्हणाले. “अधूनमधून मीही विचार करतो.”

ज्यांचा शब्द दोन जिल्ह्यांत प्रमाण मानला जातो, ते सर हे इतक्या सरळपणे म्हणाले. आमच्या बातम्या ते आजही वाचतात आणि ‘हे कोणी पाहिले?’ असे समासात लिहून परत पाठवतात. सरांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमच्या बातम्या त्यांच्या टेबलावरून आणखी पुष्कळ वर्षे अशाच परत येत राहोत.